बाजू उलटताना

फोनवरचा माणूस म्हणाला, "काका, तुमच्या त्या टेपमध्ये एक भोक होतं. तेवीस सेकंदांचं. ते मी बुजवलं."

तो तेव्हा खिडकीच्या बिजागरीला तेल घालत होता. एका हातात तेलाची कुपी, दुसऱ्या हातात फोन. त्याला आधी काही कळेना. फोनवर बोललेलं हल्ली त्याला अर्धंच कळायचं, उरलेलं तो अंदाजानं भरून काढायचा. पलीकडच्यानं परत सांगितलं, जरा मोठ्यानं आणि सावकाश, थोड्या ऐकू न येणाऱ्या माणसांशी बोलायची सवय असलेल्या माणसासारखं. सवय होतीच त्याला. श्रवणयंत्रं बसवायचं दुकान होतं त्याचं. दिवसभर म्हाताऱ्यांच्या कानांत बघायचं आणि फावल्या वेळात जुन्या कॅसेट स्वच्छ करायच्या. कुणी कुणी लपूनछपून रेकॉर्ड केलेल्या, रॉक बँडच्या कार्यक्रमांच्या. तो त्याला मनातल्या मनात कानवाला म्हणायचा.

"बुजवलं म्हणजे?"

"त्याच कार्यक्रमाची दुसरी टेप सापडली. बाल्कनीत बसून कुणीतरी केलेली. तुमची जिथे तुटते तिथे तिचा तुकडा जोडला. आता ड्रमचं सोलो अख्खं ऐकू येतं. खूश ना?"

"कशाला बुजवलंत?"

"आता घ्या! भोक कुणाला आवडतं, काका?"

फोन ठेवल्यावर तो खिडकीशीच उभा राहिला. तेलाचा एक थेंब बोटावरून ओघळून मनगटापर्यंत आला. आपल्याला राग आलाय हे त्याच्या जरा वेळानं लक्षात आलं, पण कशाचा ते सापडेना. कॅसेट त्यानंच नेऊन दिल्या होत्या, स्वतःच्या हातानं, बुटांच्या दोन खोक्यांत भरून. एकतीस कॅसेट. बायको गेल्यावर चौथ्या महिन्यात. आणि बाजू उलटताना पडलेलं भोक, ते तर प्रत्येक टेपमध्ये होतं. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. बँड काही पंचेचाळीस मिनिटांनी थांबत नाही. मग कोटाखाली डोकं घालून, बारीक विजेरी दातात धरून, कॅसेट काढायची, उलटायची, परत घालायची, झाकण लावायचं, दोन बटणं एकदम दाबायची. एवढ्यात वीसेक सेकंद जायचीच. त्याचा हात चांगला चालायचा. कारखान्यात तो लेथवर होता, शतांश मिलिमीटरची कामं करायचा, तरी अंधारात तेवीस सेकंदांच्या खाली तो कधी आला नाही.

तिच्याशी त्याची ओळख झाली तीच मुळी टेपमुळे. तेव्हा स्टेडियमच्या दारात पुरुषांना चाचपून बघायचे, बायकांना नाही, आणि बाईच्या पिशवीत वरती बायकांच्या वापरातलं पाकीट दिसलं की पहारेकरी स्वतःच लाजून मान वळवायचा. ही युक्ती तिचीच. ती कारखान्याच्या भांडारात हत्यारं द्यायला-घ्यायला होती. एकदा त्यानं तिच्याकडे अगदी बारीक ड्रिल मागितलं. कशाला हवंय, तिनं विचारलं. खोटं बोलायला सुचलं नाही म्हणून त्यानं खरं सांगितलं, माइक बसवायला एक डबी करतोय. ती म्हणाली, "आणि आत नेणार कशी? चड्डीत घालून?" भांडारातले सगळे हसले. पुढच्या शनिवारी ती त्याच्याबरोबर होती.

माइक तिच्या कॉलरच्या मागच्या बाजूला टाचलेला असायचा. त्याच्या अंगावर लावला तर उपयोग नव्हता, त्याला सारखं खाली वाकून रेकॉर्डरवरचं आवाजाचं मीटर बघावं लागायचं. वायर तिच्या पाठीवरून कमरेपर्यंत आणि तिथून पिशवीत. त्यामुळे तिला हलायची सोय नव्हती. मान वळली की कॉलर घासायची आणि टेपवर खसखस यायची. बोलायची तर नाहीच नाही. हा त्यांचा, म्हणजे असल्या टेपा करणाऱ्या सगळ्यांचाच पहिला नियम होता. माइकजवळ बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, सोबत गायचं नाही. आणि दुसरा, टेप विकायची नाही, फक्त द्यायची-घ्यायची. दुसऱ्यांदा दोघं गेले तेव्हा तिनं मध्येच "बाई गं, काय वाजवतोय हा!" म्हटलं होतं. घरी येऊन त्यानं ते तिला ऐकवलं. दोन-दोनदा मागे घेऊन ऐकवलं. "बघ, इथे. अख्खं गाणं गेलं." ती ऐकून घेत होती. मग त्यानं ती टेप पुसली आणि त्यावर दुसरं काहीतरी भरलं. त्यानंतर ती कधीही बोलली नाही. सहा वर्षं, एकतीस कार्यक्रम. भोवती लोक खुर्च्यांवर चढून नाचायचे, घामानं निथळायचे, आणि ती त्यांच्या मधोमध दात काढायला बसल्यासारखी ताठ. मनगटावरच्या घड्याळाकडे मात्र तिची नजर असायची. चव्वेचाळीस मिनिटं झाली की ती त्याच्या गुडघ्यावर दोनदा टिचकी मारायची. तो कोटाखाली शिरायचा. टेप परत सुरू झाली की तो तिचा हात दाबायचा. म्हणजे, झालं, आता गप्प.

नऊ महिन्यांपूर्वी, तिला स्मशानात पोचवून आल्यावर, बैठकीच्या खोलीत सगळे बसले होते तेव्हा तिची थोरली बहीण म्हणाली होती, "भावोजी, रागावू नका, पण आयुष्यभर गप्प बसवलंत हो तिला. लग्नाआधी किती बडबडी होती! तुमच्या त्या धडामधुमपायी कुठे कुठे बसून आली बिचारी. तिला काय आवडत होतं का ते?" लेक म्हणाली, "मावशी, आत्ता कशाला?" मेहुणी रडून रडून थकली होती, थकल्यावर माणूस काहीही बोलतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण वाक्य पायात काटा मोडून राहावा तसं राहिलं. उभं राहिलं की दुखायचं. तिला काय आवडत होतं का ते? सहा वर्षांत त्यानं तिला हे विचारलं नव्हतं. पुढे लेक झाली, कार्यक्रमांना जाणं सुटलं, कॅसेट कपाटात वर गेल्या, आणि विचारायचं राहूनच गेलं.

मग त्यानं तिचा आवाज शोधायला घेतला. आवाज कसा होता हे त्याला आठवत होतं, पण आठवणीतला आवाज शब्द बोलत नव्हता, नुसता असायचा, शेजारच्या खोलीत कुणी आहे हे कळतं तसा. लेकीनं फोनमधले सगळे व्हिडिओ काढून दिले. नातवाचं बारसं, जावयाच्या बढतीची पार्टी, समुद्रकिनारा. सगळ्यांत ती होती. आणि सगळ्यांत गप्प होती. कुणी फोन तिच्याकडे वळवला की ती तोंड मिटायची, मान ताठ करायची, आणि फोन खाली जाईपर्यंत तशीच राहायची. "आई ना, कॅमेरा दिसला की पुतळाच व्हायची," लेक म्हणाली आणि डोळे पुसत हसली. तो हसला नाही. त्याला माहीत होतं ते लाजणं नव्हतं. यंत्र चालू असताना बोलायचं नाही. हे कुणी शिकवलं होतं तिला?

म्हणून त्यानं एकतीस कॅसेट काढल्या. टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला होता, तो बदलला. एकेक बाजू, रोज दोन, दुपारी जेवून झाल्यावर. कुठेतरी एखादा शब्द निसटला असेल, एखादं हूं, एखादी शिंक. तो आवाज इतका मोठा ठेवायचा की खालच्या मजल्यावरचे मास्तर वर येऊन म्हणाले, "अहो, तुम्हाला दुःख आहे हे कळतं, पण आम्हाला डोकं आहे." एकाही बाजूवर काही सापडलं नाही. गायकाचा घोगरा आवाज, गिटार, हजारो माणसं, आणि त्या सगळ्याच्या मध्ये ती नसल्यासारखी. काम चोख केलं होतं तिनं. शेवटची कॅसेट संपली त्या दिवशी त्यानं सगळ्या खोक्यात भरल्या आणि कानवाल्याला देऊन टाकल्या. ज्यांना गाणी ऐकायचीत त्यांना ऐकू देत.

आणि आता हा म्हणतो भोक बुजवलं. त्याला वाटलं, एकतीस टेपांत तिची म्हणावी अशी जागा कुठली असेल तर ती भोकंच होती. टेप बंद असायची तेवढाच वेळ तिला बोलायची, हलायची मुभा होती. त्या वेळी तो तर कोटाखाली. तिथे दुसऱ्या कुणाची तरी बाल्कनी आणून बसवली होती यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसनं कानवाल्याच्या दुकानात गेला. निघताना जिना उतरून रस्त्यावर आला आणि कोपऱ्यापर्यंत चालत गेला, आणि कोपऱ्यावर नेहमीसारखी त्याची मान आपोआप वर वळली. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी. लग्नानंतर ती तिथून शिट्टी मारायची. डबा विसरला, किल्ली विसरला, की दोन बोटं तोंडात घालून अशी काही शिट्टी की समोरच्या दुकानातली माणसंही वर बघायची. दोन आखूड आणि मग एक लांब, शेवटी वर चढत जाणारी. पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो थक्कच झाला होता. "कुठे शिकलीस गं ही?" "गर्दीत," ती म्हणाली होती. त्याला ती थट्टा वाटली. शेवटची सहा-सात वर्षं ती शिट्टी बंद झाली होती. समोरचा दात बसवून घेतल्यापासून तिला जमत नसावं, असं त्यानं धरलं होतं. विचारलं तेही नव्हतं. शेवटी शेवटी घरातही ती कमीच बोलायची. एक गोष्ट दोनदा सांगायची, तिसऱ्यांदा "जाऊ दे" म्हणायची. लेक म्हणायची, "बाबा, कान तपासून घ्या." तो म्हणायचा, माझे कान? मी एकतीस टेपा केल्यात या कानांनी.

कानवाल्याच्या दुकानात बाहेरच्या खोलीत दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, दोघी एकमेकींशी मोठमोठ्यानं सुनांबद्दल बोलत होत्या आणि दोघींनाही दुसरीचं ऐकू येत नव्हतं. कानवाल्यानं त्याला आत नेलं. आत काचेची एक बारकी खोली होती, भिंतींना करडा स्पंज लावलेली, कानांच्या तपासणीची. तिच्या शेजारच्या टेबलावर संगणक. चाळिशीच्या पुढचा, टकलू, सारखा चष्मा पुसणारा माणूस. आपण केलेलं काम दाखवायची त्याला घाई झाली होती.

"हे बघा. ही तुमची टेप. इथे संपली. इथून बाल्कनी. आणि इथे परत तुम्ही. जोड कळतोय? सांगा, कळतोय का?"

आवाज एकदम लांब गेला, खोल डब्यात गेल्यासारखा, आणि तेवीस सेकंदांनी परत जवळ आला. ड्रमवाला सबंध वेळ बडवत होता.

"चांगलं केलंय," तो म्हणाला. आणि मग, "पण काढून टाका."

"काढून? काका, दोन रात्री जागलोय यासाठी! आणि हे नुसतं जोडलेलं नाही, धुतलंय. एक गाढव होतं त्यात. शिट्ट्या मारत होतं. कान फाटेल अशा. त्या एकेक वेचून काढल्या."

"शिट्ट्या?"

गाढव. हा शब्द त्यानंही वापरला होता. कार्यक्रम संपवून दोघं चालत निघाले की तो म्हणायचा, "आपण बाजू उलटतो तेव्हा नेमकं कुणीतरी गाढव शेजारी शिट्ट्या मारतं. नशीब टेप बंद असते." आणि ती म्हणायची, "हो ना. काय एकेक लोक असतात!" आणि खूप हसायची. इतकी की एकदा तिला रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागलं होतं.

"न धुतलेलं आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे की. मूळ कधी टाकायचं नसतं."

"लावा."

कानवाल्यानं लावलं. परत तो डबा, ते ड्रम. तो पुढे वाकून ऐकत राहिला.

"कुठेय?"

"काय कुठेय? ही काय, वाजली. ही परत. काका, ही तर केवढी!"

त्याला ड्रम ऐकू येत होते. ड्रमच्या वर काही नव्हतं. कानवाल्यानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. ही नजर दिवसातून दहा वेळा वापरावी लागत असणार त्याला.

"किती वर्षं झाली उंच आवाज ऐकू न येऊन?"

"मला येतं सगळं ऐकू."

"लेथवर होता म्हणालात. किती वर्षं?"

"बत्तीस."

"आणि वर एकतीस कार्यक्रम. पहिल्या रांगांत." तो उठला. "बाईंचं बोलणं कळायचं नाही ना शेवटी शेवटी? पुरुषांचं कळतं, बायकांचं नाही. सगळ्यांचं तसंच असतं. बसा. वाद घालू नका, मी घरच्यांशी घालतो तेवढा पुरे."

तो बसला. वाद घालायचं त्राण नव्हतं. संगणकाच्या पडद्यावर आवाजाचं चित्र होतं, खाली ड्रमचे जाड काळे ठोकळे, आणि वरती, रिकाम्या जागेत, बारीक उजळ रेघा. दोन आखूड. एक लांब, शेवटी वर चढलेली. तो ड्रॉइंग वाचणारा माणूस होता. आयुष्यभर कागदावरच्या रेघा बघून हातात लोखंडाचा आकार आला होता त्याच्या. त्याला रेघ वाचायला कान लागला नाही. दोन आखूड, एक लांब. परत दोन आखूड, एक लांब.

कानवाल्यानं त्याच्या दोन्ही कानांत मऊ, गार असं काहीतरी बसवलं आणि कानामागे अडकवलं. लगेच खोली भरली. स्वतःच्या बाहीची सळसळ, बाहेरच्या म्हातारीच्या बांगड्या, कुठेतरी पंख्याची कुरकुर. इतका कचरा होता जगात आणि तो इतकी वर्षं झाडलेल्या घरात राहत होता.

"आता," कानवाला म्हणाला.

शिट्टी आली. बाल्कनीपर्यंत, हजारो माणसांच्या डोक्यावरून, ड्रमच्या वरून, तीस वर्षांपूर्वीची. तिसऱ्या मजल्यावरून खाली यायची तशीच्या तशी. त्याची मान वर झाली. समोर स्पंजची भिंत होती.

"गंमत सांगू का," कानवाला म्हणत होता, "सबंध दीड तासात हा प्राणी फक्त इथेच वाजतो. या तेवीस सेकंदांत. सहा वेळा पूर्ण. सातवी अर्धीच. मध्येच कुणीतरी तोंड दाबल्यासारखी तुटते. नेमकी तुमची टेप सुरू होते तिथे. आहे की नाही योगायोग?"

त्याला आपल्या तळहातात तिचा हात जाणवला. झालं, आता गप्प. सातवी शिट्टी त्यानं तोडली होती. या कार्यक्रमातली ही, आणि उरलेल्या तिसांत किती, कोण जाणे. ती तेवीस सेकंदं उभी राहत होती तर. कोटाखाली तो दातात विजेरी धरून कॅसेटशी झटत होता आणि वर, त्याच्या डोक्यापासून हातभर लांब, ती उभी राहून, बोटं तोंडात घालून, सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असं ओरडून घेत होती. आणि तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं काय केलं असतं हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला असता, वायर हलते. आणि मग खिडकी. सहा-सात वर्षं ती शिट्टी मारत नव्हती, की मारत होती आणि तो कोपरा वळून निघून जात होता? कितीदा? खिडकीत उभी राहून कितव्या खेपेला तिनं बोटं खाली घेतली असतील? हे पडद्यावर कुठे दिसणार नव्हतं.

"ही बायको आहे माझी," तो म्हणाला.

कानवाल्यानं चष्मा काढला, पण पुसला नाही. हातात धरून ठेवला. "मी गाढव म्हटलं," तो म्हणाला.

"मीही म्हणायचो." त्यानं पडद्यावरच्या रेघांवर बोट ठेवलं. "शिट्ट्या परत घाला. सगळ्या. ती अर्धीसुद्धा. साफ करू नका."

"घालतो. बाकीच्या टेपा?"

बाकीच्या टेपांना दुसरी कुठली बाल्कनी नव्हती. तिथली भोकं भोकंच राहणार होती. मग त्याला काहीतरी सुचलं. दुसऱ्या बाजूची सुरुवात. प्रत्येक टेपला तिथे सुरुवातीला थोडी घरघर असायची, पाच-सहा सेकंद. जुन्या दिवसांत ती त्याला ऐकू यायची. मोटर वेग घेतेय, असं समजून प्रती काढताना तो तेवढा भाग वगळायचा. उन्हाळ्यात एकतीसच्या एकतीस ऐकताना ती त्याला कुठेच ऐकू आली नव्हती. यंत्र सुधारलं वाटतं, असं म्हणून तो पुढे गेला होता.

"बाल्कनी बंद करा," तो म्हणाला. "माझी टेप. दुसऱ्या बाजूची अगदी सुरुवात. मोठ्यानं."

खट् असं बटण वाजलं. आणि लगेच, इतकं जवळून की त्यानं डोळे मिटले, श्वास. धाप लागलेला. नाचून, उड्या मारून, शिट्ट्या मारून दमलेल्या बाईचा, तोंड उघडं ठेवून घेतलेला, कॉलरपाशीच. एक. दुसरा, जरा हळू. मग नाकानं. ती दम आवरत होती. मध्ये कुठेतरी हसू घशात अडकून राहिल्याचा बारीकसा आवाज झाला आणि तोही तिनं गिळला. मग गिटार आली, आणि तिच्याखाली ती हळूहळू गप्प झाली.

"परत लावू?" कानवाल्यानं विचारलं.

त्यानं मान हलवली नाही, हो म्हणूनही नाही. नुसती दोन बोटांनी टेबलावर टिचकी मारली. दोनदा. आणि कॉलर घासू नये म्हणून तो खुर्चीत ताठ बसून राहिला.